रखमाबाईंचं ‘नाही’

ऐरोलीहून बोलतेय.

बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या कागदावर सही करताना आपण म्हणतो, ‘सगळ्यांनी केली, म्हणून मीही केली.’ हप्ता थकला की म्हणतो, ‘मला कुठे ठाऊक होतं?’ आजचं बोलणं या दोन वाक्यांविषयी आहे.

इथून खाडीपूल ओलांडला की मुंबई. तिथे १८६४ साली रखमाबाई जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या, घरी बसून शिकल्या. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला: बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं साधं होतं. लग्न लागलं तेव्हा मला समज नव्हती, मी होकार दिलेला नाही. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

दोन्ही वाटा काट्यांच्याच. पण कोणते काटे पत्करायचे, हे त्यांनी ठरवलं आणि त्याची किंमत मोजायला त्या तयार झाल्या.

फ्रान्समध्ये सार्त्र नावाचे विचारवंत होऊन गेले. महायुद्धात त्यांचा एक विद्यार्थी विचारायला आला, एकट्या आईजवळ राहू की लढायला जाऊ? सार्त्र म्हणाले, तू मोकळा आहेस, तूच ठरव. न ठरवणं हेही एक ठरवणंच असतं, असं त्यांचं मत.

तुम्ही म्हणाल, बाईला कुठली मोकळीक? त्यांची सोबतीण सिमोन द बोव्हार यांनी हाच मुद्दा मांडला. जिला दुसरी वाट कधी दिसलीच नाही, तिला दोष देता येत नाही. पण वाट दिसल्यावरही डोळे मिटले, तर ती जबाबदारी आपली.

पुढे १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या दवाखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

आपल्यापुढे कोर्ट नाही, कागद आहे. येत्या बैठकीत तो मोठ्याने वाचून घ्या. व्याज किती, जामीन कोण, विचारा. मग ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा. पण ते तुमचं असू द्या.