धाप आणि धास्ती



संयोजकांनी 'सगळ्यांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी बोल' एवढंच सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण हल्ली आपल्या बॅचच्या ग्रुपवर वाढदिवसांच्या खालोखाल निरोप असतात ते आईवडिलांच्या आजारपणाचे. त्यातला एक आजार माझ्या घरात आहे आणि त्याच्या एका बाजूबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी डॉक्टर नाही. आईच्या आजारपणात डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं, तेवढंच सांगते.

आजाराचं नाव सीओपीडी. घरात आपण सगळ्यालाच 'दमा' म्हणतो, पण हा दम्याहून वेगळा. यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसांची लवचीकता जाते आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. भारतात १९९० साली याचे सुमारे २ कोटी ८० लाख रुग्ण होते, २०१६ साली साडेपाच कोटी. त्या वर्षी मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराखालोखाल याचाच क्रमांक होता. हा फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा दाखवला आहे. माझ्या आईनं विडीला कधी हात लावला नाही. चुलीपुढे मात्र तिची वीस वर्षं गेली.

आता यात मनाचा संबंध कुठे येतो? जिना चढताना धाप लागली की माणूस घाबरतो. घाबरला की श्वास भराभर आणि उथळ होतो. निरोगी माणसाचं त्यानं फार बिघडत नाही. पण या रुग्णाला श्वास सोडायलाच जास्त वेळ लागतो. भराभर श्वासात तो वेळ मिळत नाही, जुनी हवा आतच अडकते, नव्या हवेला जागा उरत नाही. धाप वाढते, म्हणून भीती वाढते, म्हणून पुन्हा धाप. आमच्या कामात याला लूप म्हणतात. बाहेर पडायची अट लिहिली नसेल, तर तो फिरतच राहतो. त्यात तातडीचा पंप घेतल्यावर काहींचे हात थरथरतात, छातीत धडधडतं. तो औषधाचा परिणाम असतो, पण घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता हृदयही गेलं.

दुसरं चक्र संथ असतं. धाप नको म्हणून माणूस चालणं टाळतो. पायांचे स्नायू दुबळे होतात आणि पूर्वी सहज जमणाऱ्या अंतरालाही धाप लागू लागते. आईचं आधी देवळातलं भजन सुटलं, मग हळदीकुंकू, मग शेजारच्या काकूंकडचा दुपारचा चहा. चारचौघांत खोकला आला की लोक वळून बघतात, म्हणून लग्नकार्यंही सुटली. नातेवाईक म्हणायचे, "वय झालं, चालायचंच." दवाखान्यात ऑक्सिजन मोजला जायचा, पंप बदलून मिळायचा. झोप लागते का, कशात मन रमतं का, हे पहिली दोन वर्षं तिथे कोणी विचारलं नाही. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आई त्यांच्यासमोरच रडली.

थकवा, झोपमोड, मंदावलेली भूक ही लक्षणं फुप्फुसाच्या आजारातही असतात आणि नैराश्यातही. म्हणून नैराश्य आजाराआड लपतं. आणि ज्याला कशातच राम वाटत नाही, तो पंप तरी नेमानं का घेईल? अशा रुग्णांना पुन्हा पुन्हा भरती व्हायची वेळ जास्त येते. म्हणूनच मनाचा उपचार हा फुप्फुसाच्या उपचाराचाच भाग आहे.

करण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

पहिली, विचारा. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का? नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का? डॉक्टरही सुरुवात याच दोन प्रश्नांनी करतात. उत्तर 'बरेच दिवस' असं आलं, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी, फुंकर. नाकानं श्वास घ्यायचा आणि बशीतला चहा निववतो तसा ओठ चंबू करून सावकाश सोडायचा. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. लूपमधून बाहेर पडायची ही अट. बरं असताना सराव केला, तरच धाप लागल्यावर आठवते.

तिसरी, पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे व्यायाम, श्वासाचं तंत्र आणि आजाराची माहिती. यानं धाप कमी होते, चालणं वाढतं, शिवाय चिंता आणि नैराश्यही कमी होतं. डॉक्टरांनी सुचवलं नाही, तर आपण विचारावं.

चौथी, मनाच्या डॉक्टरांकडे जायला संकोच नको. 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. मात्र झोपेची गोळी मनानं देऊ नका, काही गोळ्यांनी श्वासच मंदावतो. आणि धाप अचानक वाढली, ओठ निळसर झाले, छातीत दुखलं किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर 'घाबरली असेल' म्हणत थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

आईची फुप्फुसं पूर्ववत झालेली नाहीत, होणारही नाहीत. पण आता ती गुरुवारी भजनाला जाते. वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकते आणि फुंकर घालून पुढे निघते.

आपण सगळेच घरी फोन करतो आणि "औषध घेतलंस का?" असं विचारतो. तो प्रश्न राहू द्या. त्यानंतर आणखी एक विचारा, "मन कसं आहे?" आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.