तीन सेकंद

(मंचाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली सतरा वर्षं मी न्यू जर्सीत औषधांवर संशोधन करते आहे. आता प्रयोगशाळा सोडून हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवणार, असं सांगितलं तेव्हा तुमच्यापैकी काहींनी विचारलं, "मग पीएचडी कशाला केलीस?" त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी. आज माझ्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे.

दुसऱ्या व्यवसायातून येणाऱ्यांना न्यू जर्सीत 'अल्टरनेट रूट'ने शिक्षक होता येतं. त्याच्या तयारीसाठी मी काही महिने एका पब्लिक स्कूलच्या वर्गात जात होते. वर्ग समावेशक होता. डिस्लेक्सिया असलेली, ऐकू कमी येणारी, इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली अशी सगळी मुलं एकत्र. विज्ञानाचे शिक्षक आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षिका मिळून शिकवत.

एके दिवशी मला दहा मिनिटं शिकवायला दिली. मी विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" आठ महिन्यांपूर्वी इक्वेडोरहून आलेल्या एका मुलाने हात वर केला. "बिकॉज... द वॉटर..." म्हणून तो थांबला. मला त्याची दया आली आणि मीच त्याचं वाक्य पूर्ण केलं. तो "येस" म्हणून खाली बसला. त्या तासाला तो पुन्हा बोलला नाही.

तासानंतर विशेष शिक्षणाच्या बाई मला म्हणाल्या, "बाकीच्यांसाठी तुम्ही थांबलात. त्याच्यासाठी नाही." मला वाटलं होतं, मी मदत केली!

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्या मुलांना शिक्षक कच्चं समजतात, त्यांना वेळ आणखी कमी मिळतो. मी शास्त्रज्ञ. आकडे वाचून मान डोलावली. पण वर्गात तीन सेकंदांची शांतता किती लांब वाटते, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

पुढच्या वेळी बाईंच्या सल्ल्याने पद्धत बदलली. प्रश्न फळ्यावर लिहिला. आधी एक मिनिट चित्र काढा, मग शेजाऱ्याशी हव्या त्या भाषेत बोला, मग वर्गाला सांगा. त्या मुलाने षटकोनांची जाळी काढली आणि मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "एस्पासिओ." जागा! पाण्याचा बर्फ होताना रेणू हायड्रोजन बंधांनी अशा पोकळ जाळीत बसतात, आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, घनता कमी होते. त्या दिवशी वर्गातलं सर्वांत नेमकं उत्तर त्याचं होतं. त्याला रसायनशास्त्र येत होतं, मला त्याचं ऐकता येत नव्हतं.

मंडळी, मला हे आधीच कळायला हवं होतं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावीला 'संयुजा' मला पक्की माहीत होती, 'व्हॅलन्सी' म्हटलं की मी बावरायचे. दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. पण घरात पुस्तकं होती, शिकलेला काका होता. शेवटच्या बाकावरच्या, वस्तीतून येणाऱ्या मुलींना हे काही नव्हतं. बारावीपर्यंत त्यातल्या बऱ्याच जणी दिसेनाशा झाल्या. त्या कुठे गेल्या, हे तेव्हा मीही विचारलं नाही.

आपण सभांमध्ये जोतीराव-सावित्रीबाईंचं नाव घेतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितलं की कर कष्टकरी भरतात आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. इथे अमेरिकेत अपंग मुलांना पब्लिक स्कूलमध्ये शिकण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा १९७५ साली झाला. त्याच्या आदल्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला इतरांसारखंच पुस्तक आणि शिक्षक दिले, म्हणजे त्याला समान वागणूक मिळाली असं होत नाही.

आणि आपण? घर घेताना आधी शाळेचं रेटिंग बघतो. "अशा मुलांमुळे वर्ग मागे पडतो," हे वाक्य मी आपल्याच पॉटलकमध्ये ऐकलं आहे, आणि तेव्हा गप्प बसले आहे. त्यामागची काळजी खोटी नाही. पुरेसे शिक्षक न देता फक्त मुलं एकत्र बसवली तर सगळ्यांचंच नुकसान होतं. पण मग मागणी जादा शिक्षकांची करायला हवी, मुलांना बाहेर काढण्याची नव्हे. शाळेच्या बजेटवर स्कूल बोर्ड चर्चा करतं, ती सभा सर्वांना खुली असते. तिथे आपल्यापैकी किती जण जातात?

सप्टेंबरपासून माझा स्वतःचा वर्ग असेल. चुका होतीलच. पण प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन मोजायचं, एवढं ठरवलं आहे. आता तुम्ही प्रश्न विचारा. मीही उत्तर देण्याआधी जरा थांबेन.