दांडा अडतोय की दिवा?

आज एका छोट्या दिव्याची गोष्ट सांगतो. गाडीच्या डॅशबोर्डवरचा, 'फोर व्हील'चा दिवा.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे चेन्नईत वेळचेरीला राहतो. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं. 3 आणि 4 तारखेला नुसता धो धो पाऊस. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी. शेजारच्या पाट्टींचं, म्हणजे आजींचं, डायलिसिस चुकवून चालणार नव्हतं. माझ्याकडे जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी. पाणी थोडं उतरल्यावर दांडा ओढला, चारही चाकं जोडली आणि गल्लीबोळांतून वळणं घेत त्यांना पोचवलं.

परत येताना रस्ता कोरडा. टू व्हीलवर आणायला गेलो, तर दांडा हलेचना. जोर लावून सुटला एकदाचा, पण दिवा तसाच. दोनतीन मिनिटांनी विझला. पुढच्या आठवड्यातही तेच. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "ट्रान्सफर केसच बदला." आकडा ऐकून माझा घसा कोरडा पडला.

मग पुदुपेटच्या जुन्या पार्टबाजारातला एक म्हातारा मिस्त्री भेटला. त्यानं पाना हातात घेण्याआधी एकच विचारलं, "दांडा अडतो, का दिवा अडतो?" मंडळी, हे दोन वेगळे आजार आहेत. मी दोन्ही एकच समजत होतो.

आधी दांडा. अशा गाडीत फोर व्हील लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. पण वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात. मागचा अ‍ॅक्सल 6 मीटर त्रिज्येनं वळला आणि दोन अ‍ॅक्सलांत 2.4 मीटर अंतर असलं, तर काटकोनी वळणात पुढची चाकं सुमारे 70 सेंटीमीटर जास्त चालतात. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून हा फरक फेडतो. डांबरावर घसरत नाही, मग शाफ्टना पीळ बसतो आणि त्या पिळात दात अडकतात. माझी चूक इथेच झाली. पाणी दिसलं म्हणून रस्ता निसरडा समजलो, पण पाण्याखाली डांबरच होतं!

मिस्त्री म्हणाला, "कोंजम रिव्हर्स, सार." कोंजम म्हणजे थोडं. स्टिअरिंग सरळ ठेवून दहा मीटर मागे आलो, क्लच दाबला, आणि दांडा लोण्यासारखा सुटला. पीळ उलगडला होता. दांडा अडला तर हाणामारी करू नका. चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे आहेत ना, तेही बघा. नाहीतर सरळ रस्त्यावरही पीळ बसतो.

आता दिवा. दांडा सुटूनही दिवा रेंगाळत होता. माझ्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल व्हॅक्यूमवर जोडला आणि सोडला जातो, आणि दिवा तिथल्या स्विचवर चालतो. मिस्त्रीनं इंजिनाजवळची रबरी नळी वाकवून दाखवली. उष्णतेनं तडकलेली. हवा गळत होती, म्हणून ओढ कमी पडत होती. नळी बदलली, दिवा लगेच विझू लागला. ज्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रिक मोटर करते, तिथे कनेक्टरचा गंज आधी बघायचा.

शेवटी त्यानं ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सलचं तेलही तपासलं. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जाऊ शकतं. तेल दुधाळ दिसलं तर तेल लगेच बदलायचं. माझं स्वच्छ निघालं.

म्हणजे क्रम असा: आधी रिव्हर्स, मग टायर, मग नळ्या आणि वायरी, मग तेल. केस खोलणं सगळ्यात शेवटी.

पाट्टी अजून त्याच गाडीतून जातात. बसल्या बसल्या आधी डॅशबोर्डकडे बघतात आणि मला विचारतात, "दिवा गेला का रे?"