वारा येऊ द्या



आपल्या बॅचने शाळेला संगणक द्यायचे ठरवले आहे. पैसे जमतील, यंत्रे येतील. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या उन्हाळ्याबद्दल.

संगणक खोलीवर पत्रे आहेत. कूलर प्रोसेसरची उष्णता फक्त आसपासच्या हवेत सोडतो, त्यामुळे खोलीपेक्षा तो थंड होऊच शकत नाही. बरेचसे प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. त्याहून तापले तर यंत्र बंद पडते. समोर बसलेल्या मुलीला वाटते, आपल्याच हातून बिघडले. मग ती पुन्हा कीबोर्डला हात लावायला कचरते. आपली देणगी तिथे वाया जाते.

यावरचा उपाय आपल्या जुन्या घरांना ठाऊक होता: समोरासमोर दारे. कॅबिनेटच्या पुढून हवा आत, मागून बाहेर. पुढे 120 मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे एक, एवढे पुरते. कूलरचा पंखाही मागच्या दिशेनेच हवा ढकलणारा हवा. तो उलटा बसला, तर मागच्या पंख्याशी त्याची ओढाताण होते. दिशा ओळखणे सोपे आहे: मोटार धरणाऱ्या आडव्या काड्या ज्या बाजूला दिसतात, सहसा त्या बाजूने हवा बाहेर पडते.

गरम हवा वर जाते, हे सरांनी शिकवले ते खरेच. पण पंख्याच्या जोरापुढे तो ओघ किरकोळ असतो. म्हणून वर पंखा लावलाच, तर तो मागच्या बाजूला लावावा. पुढे लावला तर ताजी हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली आणि पुढे जाळी बसवली, की फटींतून धूळ कमी शिरते. आपल्या गावच्या लाल धुळीला हे फार गरजेचे आहे.

कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका. आणि वर्षातून दोनदा जाळ्या झटका.

माझी विनंती एकच. संगणक एक कमी घेऊ, पण देखभालीचे पैसे बाजूला ठेवू. दिवाळीत मी गावी येतेच. तेव्हाच्या साफसफाईचे काम माझ्या नावावर लिहा. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कामासाठी कोण हात वर करतंय?