कलम धरले पाहिजे



आमच्या अचलपूर भागातल्या संत्र्याच्या बागा तुम्हांला ठाऊक आहेत. पण संत्र्याचे झाड बहुधा स्वतःच्या मुळावर उभे नसते. खाली खुंट जंबेरीचा, वर डोळा संत्र्याचा. खुंटाच्या सालीत काप घेऊन डोळा आत सरकवतात आणि पट्टीने बांधतात. बांधला म्हणजे झाले का? नाही. काही आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावे लागते. डोळा हिरवा असला तर कलम धरले. काळा पडला असला तर नुसते बांधणे झाले, जोडणे झाले नाही.

ख्रिस्ती जीवनाचेही असेच आहे. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांना द्राक्षवेलीचा दाखला दिला. फांदी वेलीत राहिली तर फळते, तुटली तर वाळते, असा त्याचा आशय. आपल्या वऱ्हाडी माणसाला तो संत्र्यावरून लवकर उमजेल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाई मोठ्या विदुषी, शास्त्रे तोंडपाठ. पण पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. ती भेट घडायला सुमारे आठ वर्षे गेली. म्हणजे डोळा १८८३ साली बांधला. धरला तो १८९१ च्या सुमारास. एवढ्या थोर बाईंना ही कबुली द्यायला लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी? रविवारी देवळात बसतो, गाणी म्हणतो, पण आत ओल नाही, असे कित्येकांना वाटते आणि ते कोणापाशी बोलत नाहीत.

कलम धरल्यावर काय झाले तेही पाहा. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते; भूक काय असते हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. शेती, विणकाम, छापखाना असे नाना उद्योग तिथे चालत, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी रोजची प्रार्थना असे. झाड आपली फळे आपण खात नाही. देवाशी जोड आहे की नाही, याची परीक्षा शेजाऱ्याच्या ओंजळीत होते.

आता कोणी विचारील, देवाशी जोडलेल्याला दुःख होत नाही काय? होते. १८८२ साली रमाबाईंचे पती गेले. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणीत होत्या. लेक गेली म्हणून ते काम त्यांनी टाकले नाही. आयुष्याच्या अगदी अखेरीस ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

बहार धरायचा म्हणून शेतकरी बागेचे पाणी तोडतो. आपण त्याला ताण देणे म्हणतो. पाने कोमेजतात, गळतात. परतवाड्याच्या वाटेवर अशी एक सुकलेली बाग पाहून मी हळहळलो, तेव्हा मालक हसून म्हणाला, “पानी तोडलं गुरुजी, बाग नाई सोडली!” हे वाक्य माझ्या मनात राहिले आहे. प्रत्येक दुःख देवच देतो असे मी म्हणणार नाही. ताण फार झाला तर झाडही वाळते. पण कोरड्या दिवसांत देवाने आपल्याला सोडले असे मानू नये, आणि आपणही त्याला सोडू नये.

मग करायचे काय? वारकऱ्याचा नेम असतो, तसा आपलाही असावा. पहाटे चूल पेटण्याआधी दहा मिनिटे शांत बसावे. शास्त्राचा थोडाच भाग वाचावा, पण तो दिवसभर मनात घोळवावा. मन कोरडे असेल तर तसेच सांगावे; देवापुढे सजवून बोलायचे कारण नाही. धुऱ्यावरून भावाशी बोलणे तुटले असेल, तर आधी त्याच्या घरी जावे, मग प्रार्थनेला बसावे. आणि एक लक्षात ठेवा. डोळ्याच्या खाली खुंटाला फुटवे येतात. ते दिसतात जोमदार, पण रस तेच ओढून घेतात आणि वरचे कलम मरते. अहंकार, हेवा, जुना राग हे असले फुटवे होत. ते हाताने खुडावे लागतात, आणि एकदाच खुडून भागत नाही.

शिक्षक बंधूंनो, मुलांना प्रार्थनेचे शब्द पाठ करून देणे सोपे आहे. ते शब्द आपल्यात रुजले आहेत की नाही, हे मुले आपल्या वागण्यावरून ओळखतात. तेव्हा आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी प्रत्येकाने आपली पट्टी जरा सोडून पाहावी. डोळा हिरवा असेल तर देवाचे आभार मानावेत. काळा पडला असेल तरी खचू नये. कुशल माळी त्याच खुंटावर पुन्हा डोळा बांधतो.