तोतया

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मनात आहे तेवढे सांगते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुष्कळांना ते खरे वाटेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मरेपर्यंत कुंकू पुसले नाही. पुढे बुंदेलखंडाकडचा सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांनी त्याला कैदेत टाकले. पण माधवराव वारले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आले. १७७६ साली रत्नागिरीच्या मामलेदारानेच तोतयाला मोकळे केले, आणि हां हां म्हणता हजारो माणसे त्याच्यामागे गेली. कोकणातले किल्ले घेत तो बोरघाटापर्यंत आला, म्हणजे आपल्या दाराशीच! शेवटी राघोजी आंग्र्यांनी त्याला धरले. पुण्यात त्याला देहदंड झाला. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ नाटक यावरच आहे.

ती सारी माणसे काय मूर्ख होती? लोभी असतील काही, नाही म्हणत नाही. पण ज्यांच्या घरचे कोणी पानिपताहून परतलेच नाही, त्यांना भाऊ यायला हवेच होते.

आता आपल्या रोडपालीकडे वळते. आपल्यातल्याच एकीला फोनवर पोलिसाच्या वेषातला माणूस दिसला. ‘तुमच्या आधार कार्डावर गुन्हा आहे, खोलीबाहेर पडू नका, कोणाला सांगू नका.’ लेकीच्या लग्नाचे पैसे गेले. तिच्या परवानगीने बोलते आहे. नाव घेत नाही.

तेव्हा भाऊंच्या नावाचा मान होता, आता पोलीस-कोर्टाचा धाक आहे. चौकीची पायरी चढायची म्हटले की आपले पाय कापतात, आणि अब्रूची भीती त्याहून मोठी. भामट्याने हे बरोबर हेरलेले असते. ‘कोणाला सांगू नका’ हे तो उगीच म्हणत नाही.

फोनवरून अटक करण्याची सोय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर त्याच घटकेस १९३० वर कळवावे. वेळेवर कळले तर बँकेला पुढचे पैसे अडवता येतात. तिने चार दिवस घरातही सांगितले नाही. सांगितले तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विचारले, ‘एवढे कसे कळले नाही ग तुला?’ तेव्हापासून ती मंडळात येत नाही. त्या प्रश्नाचा मला फार राग आहे.

शुक्रवारच्या हळदीकुंकवाला तिला आणायला मी जाणार आहे. बरोबर कोण येते ते सांगा. तो प्रश्न मात्र घरी ठेवून या.