सुटीतली मराठी

तुकोजीराव होळकरांचे नाव धारण करणाऱ्या इंदूरच्या तुकोगंजात वैशाखाचा दिवस तापला, तरी माळव्याची रात्र निवते. मग मराठी बिऱ्हाडांच्या परसात चटया पडतात आणि मामे-आते भावंडांच्या भेंड्या रंगतात. वर्षभर शाळेत हिंदी-इंग्रजीत वावरणारी मुले वाढदिवसाच्या औक्षणात, खेळातल्या भांडणात, राजवाड्याच्या फेरफटक्यात मराठी शिकतात. ज्यांच्या नावाने हे शहर अहिल्यानगरी म्हणवते, त्या अहिल्याबाईही ३१ मे १७२५ रोजी, ऐन उन्हाळ्यात, चौंडीस जन्मल्या आणि मराठी घेऊनच माळव्यात सासरी आल्या. सुटीचे बेत आखताना तरुण आईबापांनी एवढे ध्यानी ठेवावे : जी भाषा परसात खेळत नाही, ती पुढे माजघरातही टिकत नाही.